राणीचं नाव आणि आत्याची सही

माझ्या भावाला मुलगी झाली तेव्हा तो पेढे घेऊन राहात्याला आमच्या घरी आला. आमच्याकडे मुलीचं बर्फी नाहीतर जिलेबीवर भागवतात, पेढे मुलाचे. म्हणून बॉक्स टेबलावर ठेवता ठेवताच त्यानं सांगितलं, "पोरगी झाली तरी पेढेच वाटले, आक्का. आपन भेद करत न्हाई." लग्नाला सहा वर्षं झाल्यावर घरात पाळणा हलला होता. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान, माझ्या कडेवर वाढलेला. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. मग पेढा माझ्या तोंडात असतानाच त्यानं दोन कामं सांगितली. एक, आत्या म्हणून पोरीचं नाव मी शोधायचं, आणि ते असं राजेशाही पाहिजे की तालुक्यात दुसरीचं नसेल. दोन, सव्वा महिन्यानं बारसं झालं की दुसऱ्या दिवशी राहुरीला जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची. दोन्ही कामं त्यानं एका दमात सांगितली, दूध आणि दही आणायला सांगावं तशी.

हक्कसोड म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावासाठी सोडल्याचा कागद. आमचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. सातबाऱ्यावर आईचं, त्याचं आणि माझं अशी तीन नावं लागली होती. मुळा धरणाच्या पाण्यावर भिजणारी काळी जमीन, वर्षानुवर्षं ऊस. आमच्या भागात बहिणी सह्या करतात. सही करणारी बहीण लक्ष्मी, न करणारी कैदाशीण. सही केली की भाऊबीज राहते, साडीचोळी राहते, उन्हाळ्यात दोन दिवस पाय पसरायला माहेर राहतं. नाही केली की दार लागलं. असं कुणी तोंडानं बोलत नाही, पण दुसरीतल्या पोरीलासुद्धा ते माहीत असतं. मला त्या जमिनीत नांगर धरायचा नव्हता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पगार आहे, डोक्यावर स्लॅब आहे. तरी तो पेढा मला गिळवेना.

तो गेल्यावर आमचे हे म्हणाले, "तुझं तू बघ. मी मधे पडणार नाही." आयुष्यभर त्यांनी हे एकच काम मन लावून केलंय, मधे न पडणं.

या लिखाणात मी कुणाचंच नाव घेणार नाही. पोरीचं तर नाहीच नाही. भावाच्या म्हणण्याप्रमाणे तालुक्यात ते एकटंच आहे, म्हणजे लिहिलं की न विचारता घर सापडायचं. चार अक्षरी आहे, त्यात दोन जोडाक्षरं आहेत, आणि जिच्या शब्दापुढे राजेसुद्धा मान तुकवतात ती, असा काहीतरी त्याचा अर्थ आहे. एवढं पुरे.

मी आपली भोळी, रविवारी दुपारी वही घेऊन बसले. तीन नावं काढली. रेवा, केतकी आणि शर्वरी. तोंडात बसतील, हाक मारायला सोपी, पाटीवर लिहिताना पोर रडणार नाही. फोन केला तर भाऊ म्हणाला, "आक्का, ही काय नावं हायत का? रेवा तर आपल्या वाडीत दोन हायत. एकीचा बाप टेम्पो चालवतो." म्हणजे टेम्पोवाल्याच्या पोरीला नदीचं नाव लागलं की नदी बाटली! मी म्हणाले, "मग तुला कसलं पाहिजे?" तो म्हणाला, "ऐकल्याबरूबर मानसानं उठून उभं राह्यलं पायजे." पाळण्यातल्या लेकरासाठी कुणी उठून उभं का राहावं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

भावजय बाळंतपणाला काष्टीला, माहेरी होती. पोरगी बी. कॉम. झालेली, बोलायला गोड, मला कायम "आक्का, आक्का" करणारी. तिनं मोबाईलवर एक ग्रुप काढला आणि रोज दुपारी त्यात नावं येऊ लागली. राजनंदिनी. युवराज्ञी. सम्राज्ञी. राजेश्वरी नको, ते जुनं झालं. महाराणी चालेल का, तर तसं एक हॉटेल आहे. एकदा सगळ्यांचं एका नावावर ठरलं आणि आठच दिवसांत चुलतभावाच्या घरी पोरगी होऊन त्यानं तेच ठेवलं. भावाचा असा जळफळाट झाला, जणू त्याच्या उसाला कुणी काडी लावली. "आपल्या ग्रुपमधनं फुटलं," म्हणाला, आणि ग्रुपातून निम्मी माणसं काढून टाकली. मी शी म्हटलं आणि फोन उलटा करून ठेवला. अर्ध्या तासानं पुन्हा बघितला, कारण अशा ठिकाणी जीभ पोळली तरी चव घ्यावीशी वाटते.

मला या असल्या नावांचा मुळात वीट आलाय. माझ्या पहिलीच्या हजेरीत तीन राजकन्या आहेत आणि एक सम्राज्ञी. सम्राज्ञी आठवडे बाजाराच्या दिवशी शाळेत येत नाही. आई भाजीचं दुकान लावते आणि धाकट्या भावाला सांभाळायला ही घरी राहते. सहा वर्षांची पोर, कडेवर भाऊ, नाकाला शेंबूड. मी तिच्या बापाला बोलावून खडसावलं तर तो मला म्हणतो, "बाई, पोरीच्या जातीला शिकून काय करायचंय? नाव तर चांगलं ठेवलंय ना तिचं!" नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्या माणसाला पट्टीनं झोडावंसं वाटलं होतं मला, पण बाईनं बापाला झोडायची सोय नाही शाळेत.

एकीकडे नावं चालली होती आणि दुसरीकडे माझ्या डोक्यात ती सही. मला माझी आत्या आठवायची. वडिलांची थोरली बहीण. मी चौथीत असताना तलाठी घरी आला होता, ओट्यावर घोंगडी टाकून कागद पसरले होते. आत्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून वडिलांनी तिचा अंगठा धरला, निळ्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. तिला विचारलं कुणीच नाही. कागद उचलून नेल्यावर आत्या अंगठा वर धरून बसून राहिली, लुगड्याला लागेल म्हणून. मीच रॉकेलचा बोळा आणून तिचा अंगठा पुसला. ती म्हणाली, "शहानी गं माजी बाय." त्या दिवशी पुरणपोळी होती आणि ती मी पोटभर खाल्ली. हे आठवलं की आजही माझी मलाच किळस येते. चौथीतल्या पोरीला काय कळतं, असं म्हणून मला सुटता येत नाही, कारण मला कळत होतं.

नाव शेवटी भावानंच ठरवलं. कुठल्याशा गुरुजींना फोनवर विचारलं, अक्षर काढलं, कुठल्याशा वेबसाईटवर अर्थ बघितला. मला फक्त कळवलं. "आक्का, कानात तुलाच सांगायचंय, म्हनून पाठ करून ठेव." मी म्हणाले, "अरे, नाव मी शोधायचं होतं ना?" तो म्हणाला, "तूच ठेवनार हाय की! मान तुझाच." आमच्याकडे मानाची ही अशीच रीत. ठरवायचं दुसऱ्यानं, पाटावर बसायचं आपण.

बारशाच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. अंगडं-टोपडं, चांदीचे वाळे, कमरेचा करदोडा, सगळं आत्यानं न्यायचं असतं ते नेलं. घरी गेले तर बाहेरच्या खोलीत फोटो काढायचं चाललेलं. लग्नात नवरा-नवरीला बसवतात ती सोनेरी खुर्ची भाड्यानं आणलेली, तिच्यात गादी, गादीवर लाल मखमल आणि मखमलीवर आमची पोर. डोक्यावर मुकुट. पत्र्याचा, खडे लावलेला, मागं इलॅस्टिक. भावजय टाके अजून दुखत असताना नऊवारी नेसून शेजारी उभी, कंबर धरून. फोटोवाला ओरडतोय, "ताई, जरा हसा." पोर घामानं डबडबली होती आणि रडून रडून तिचा आवाज बसला होता. मी पुढं झाले आणि मुकुट काढला. कपाळावर लालभडक वळ उठला होता, या कानापासून त्या कानापर्यंत. भावजय म्हणाली, "राहू द्या आक्का, व्हिडिओ चाललाय." आणि तिनंच तो मुकुट परत चढवला. मी आत जाऊन चूळ भरली.

आत आई गहू निवडत बसली होती. तिला ते नाव म्हणता येत नव्हतं. ती पोरीला ठमे म्हणत होती आणि भाऊ तिच्यावर डाफरत होता. मी तिच्याजवळ बसले. ती मान वर न करता म्हणाली, "परवा सही करशील ना गं?" मी म्हणाले, "आई, आज आलेय मी. पाणी तरी पिऊ दे." ती म्हणाली, "तसं न्हाई. त्याला घोर लागून राह्यलाय." मला कसला घोर लागला असेल, हे तिला कधी सुचलं नाही.

बारशाला पाचशे माणूस. वेशीपासून फ्लेक्स. फ्लेक्सवर 'राजकन्येचं राज्यात आगमन', खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, कुणी सोसायटीचा, कुणी पंचायतीचा, आणि मधे भाऊ पुरुषभर उंच, डोळ्याला काळा चष्मा. पोरीचा फोटो कोपऱ्यात, अंगठ्याएवढा. काही जण तर म्हणत होते, येत्या इलेक्शनला उभा राहतोय की काय. पोर झाली का उमेदवारी जाहीर झाली तेच कळेना. बायकांनी पाळण्याखालून वरून लेकरू दिलं घेतलं. मी वाकून तिच्या कानात कुर्र केलं, ते चार अक्षरी नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. त्याच वेळी कुणीतरी ते कागदी तुकड्यांचं नळकांडं फोडलं. पोर अशी दचकली की हात-पाय ताठ झाले. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. माझ्या जवळ होती तेवढाच एक क्षण तिचा श्वास मला ऐकू आला, घरघर लागलेला. मला त्या गर्दीचा, त्या अत्तराचा, त्या माईकवरच्या "आत्याबाई, इकडं कॅमेऱ्याकडं बघा" चा इतका उबग आला की घुगऱ्यांची मूठ तशीच हातात राहिली.

जेवणं उरकली, माणसं पांगली. मागच्या पडवीत आम्ही चौघं बसलो. आई, भाऊ, भावजय आणि मी. पोर भावाच्या मांडीवर झोपली होती. त्यानं मला पैठणी दिली, पाया पडला, आणि लगेच पिशवीतून कागद काढला. "वाचून ठेव आक्का. उद्या अकराला नंबर हाय." मी चष्मा लावून वाचला. 'राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कायमचा हक्क सोडून देत आहे.' कागद घडी करून मी त्याच्या हातात दिला. महिनाभर जे मनात घोळत होतं ते बोलले.

"मी सही करते. वाटा मला नकोच आहे. फक्त तो तुझ्या नावानं नको. पोरीच्या नावानं कर. माझा वाटा मी भाचीला बक्षीस देते. बारशाचा आहेर समज."

मला खरंच वाटलं होतं की तो खूश होईल. इतकी मी खुळी. तो आधी हसला. मग माझं तोंड बघून त्याचं हसू गेलं.

"तिच्या नावानं कशाला?"

"तुझी राणी ना ती? अख्खा गाव गोळा केलास. मग राणीला नांगरटीपुरती जमीन नको?"

"आक्का, येड्यावानी बोलू नको. ती काय इथं राहनार हाय का? वीस-बावीस वर्सांनी जाईल लगीन करून. मग माझ्या बापाची जमीन काय जावयाच्या घरात घालू? परक्याचं धन हाय ती."

मांडीवर ती झोपलेली होती. कालचा मुकुटाचा वळ अजून कपाळावर होता. आणि हा माणूस तिच्या डोक्यावरून हात फिरवत हे बोलत होता, मायेनं, अगदी खऱ्या मायेनं. तो तिला टाकून बोलला असता तरी मला एवढी शिसारी आली नसती. मी म्हणाले, "लाज वाटत नाही का रे तुला? आज सकाळी हजार रुपयांचे फटाके उडवलेस हिच्या नावानं!"

"त्याचा न् ह्याचा काय संबंद?" तो म्हणाला. त्याला खरोखरच संबंध दिसत नव्हता.

मी भावजयीकडं वळले. म्हटलं, शिकलेली आहे, हिला तरी कळेल, आईचं काळीज आहे. "तू सांग गं. तुझ्या लेकीच्या नावानं जमीन होतेय, फुकट. तुला नको?"

ती पदर सारखा करत म्हणाली, "आक्का, मी न्हाई का केली सही माझ्या भावांना? डोहाळजेवनाला गेल्ते तवाच केली. हिरवी साडी नेसून रजिस्टर ऑफिसात गेल्ते. काय झालं मला?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "आन् उद्या पोरगा झाला तर? त्याच्या वाट्याला काय राहील? त्याचं नाव बी ठरलेलं हाय."

"ठरलेलं आहे?"

"व्हय. मामांजी गेले तवापासनं. मामांजींचं."

मामांजी म्हणजे माझे वडील. साधं, तीन अक्षरी नाव, गावात दहा जणांचं असेल. जन्मायच्या आधी त्या पोराला आजोबाचं नाव मिळालं होतं आणि नावाबरोबर आजोबाची जमीनही. सव्वा महिना आम्ही जे नाव शोधत होतो, ग्रुप काढून, माणसं काढून टाकून, अक्षरं मोजून, ते कशासाठी शोधत होतो हे मला त्या पडवीत कळलं. मुलीसाठी कुणी नाव ठरवलंच नव्हतं. कुणाला तशी गरजच वाटली नव्हती. पोरगी झाल्यावर हात रिकामे दिसायला नकोत म्हणून बाजारातलं सगळ्यात चकाकणारं उचललं होतं. मी आईकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "आजाचं नाव नातवानं चालवायचं असतं गं. त्यात काय चुकलं?"

सोमवारी सकाळी मी बॅग भरत होते तेव्हा आई आत आली. माझा हात धरला. म्हणाली, "दे गं सही. तू बी आलीस गेलीस पायजे. मी मेल्यावर माज्या तोंडात पानी घालायला तरी तुला येऊ देतील का हे?" आणि रडायला लागली. मी विरघळले. लिहायलाही लाज वाटते, पण विरघळले. म्हटलं, जाऊ दे. जगाची रीत मी एकटी कुठं मोडू. एका माहेरापुढं काय ती जमीन. मी पैठणीची घडी बॅगेत ठेवली आणि गाडीत जाऊन बसले. भाऊ रस्ताभर गोड बोलत होता. रस्त्यात थांबून त्यानं मला उसाचा रस पाजला. "आक्का, दिवाळीला चार दिवस राह्यला यायचं बरं का." मी हं म्हणत होते आणि प्रत्येक हं बरोबर मला माझीच घाण वाटत होती.

ऑफिसात गर्दी होती. बाकावर माझ्यासारख्या आणखी दोघी बसल्या होत्या, शेजारी त्यांचे त्यांचे भाऊ. एकीच्या भावानं तिच्यासाठी वडापाव आणला होता. आमचा नंबर लागला. मला कॅमेऱ्यापुढं बसवलं, फोटो काढला, अंगठा काचेवर ठेवायला सांगितलं. साक्षीदार म्हणून भावानं आणलेले दोघं मागं उभे. साहेबांनी कागद चाळले. ते दिवसात पन्नासदा विचारत असतील तसं, वर न बघता त्यांनी विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना, बाई? कुणाचा दबाव नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"दबाव नाही. बरं. इथं सही करा."

"तसं नाही साहेब. राजीखुशीनं नाही."

साहेबांनी वर बघितलं. भाऊ मागून म्हणाला, "आक्का!" मी मोठ्यानं, वर्गात बोलते तशा आवाजात सांगितलं, "मला हा वाटा माझ्या भाचीला द्यायचाय. भाऊ देऊ देत नाही. खुशीनं का, असं विचारता म्हणून सांगते, मी खुशीनं सही करत नाही." बाकावरची वडापाववाली बाई माझ्याकडं बघतच राहिली. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि कागद भावाकडं सरकवला. "मग कशाला आणता हो यांना? घरी ठरवून या. चला, पुढचा नंबर."

पायऱ्यांवर आल्यावर भावानं माझ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "चार मानसांत तोंड काळं केलंस माझं. आजपासनं तुला माहेर न्हाई. आन् पोरीचं नाव तुझ्या तोंडनं ठेवलंय, ते बी बदलून टाकतो."

"खुशाल बदल," मी म्हणाले. "चिंगी ठेव, धोंडी ठेव, काय वाटेल ते ठेव. पण तिच्या नावानं एक वाफा तरी कर."

तो गाडीत बसून निघून गेला. माझी बॅग त्याच्याच गाडीत राहिली. मी चालत स्टँडवर आले आणि मनमाडकडं जाणारी गाडी धरून घरी आले. दोन दिवसांनी बॅग कुणाच्या तरी हाती परत आली. पैठणी तेवढी काढून घेतलेली.

याला दोन वर्षं होऊन गेली. ना भाऊबीज, ना फोन. आईशी शेजारणीच्या मोबाईलवरून कधीतरी बोलणं होतं, तेही ती इकडंतिकडं बघत बोलते असं जाणवतं. नाव त्यानं बदललं नाही. आधारकार्डावर चढलं होतं, बदलायला त्रास पडला असता. मला पश्चात्ताप झाला का, तर झाला, पुष्कळदा. रक्षाबंधनाला शाळेतल्या पोरी एकमेकींच्या राख्या बघतात तेव्हा मी खिडकीकडं तोंड करून उभी राहते. आणि तरी त्या पडवीतलं बोलणं आठवलं की अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं आणि वाटतं, बरं केलं.

मागच्या महिन्यात कोल्हारला एका लग्नात भावजय दिसली. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढं दोनच माणसं सोडून. तिला दिवस गेले होते, पोट चांगलं दिसत होतं. हाताला धरून पोर, डोक्याला झिपऱ्या, अगदी माझ्या वडिलांचं नाक. मला राहवलं नाही, मी वाकून तिच्याकडं बघून हसले. मी कानात सांगितलेलं ते नाव अगदी जिभेवर आलं, पण मी हाक मारली नाही. पोरीनं आईचा पदर ओढला आणि माझ्याकडं बोट करून विचारलं, "ही कोन?"

भावजयीनं माझ्याकडं बघितलं. क्षणभर तिचे ओठ हलले. मग ती पोरीला पुढं ओढत म्हणाली, "कुनी न्हाई. शाळंतल्या बाई हायत."